वाक्, वाचा आणि वोक्स: पहिलं लॅटिन नाम कसं चालवायचं

इंजिनिअरिंग किंवा मेडिकल केलेल्या माणसाच्या तोंडी एक लॅटिन विशेषण शंभर वेळा तरी येऊन गेलेलं असतं. "उद्या व्हायव्हा आहे." पूर्ण शब्द 'व्हायव्हा व्होसी', आणि मूळ लॅटिनमध्ये 'वीवा वोकॆ'. अर्थ: जिवंत वाणीने. म्हणजे कागदावर नाही, तोंडी. आपण त्यातलं 'जिवंत' तेवढं ठेवलं आणि 'वाणीने' टाकून दिलं. त्या टाकून दिलेल्या नामाबद्दल हा लेख आहे.

नाम आहे 'वोक्स'. अर्थ आवाज, वाणी, कधी नुसता शब्द किंवा उद्गार.

लॅटिनची पुस्तकं सहसा 'पुएल्ला' म्हणजे मुलगी किंवा 'रोसा' म्हणजे गुलाब अशा शब्दांपासून सुरू होतात. ते सोपे आहेत हे खरं, पण शाळेत संस्कृत घेतलेल्या मराठी माणसाने त्या दारातून आत शिरू नये असं माझं मत आहे. मी स्वतः एका इंग्रजी पुस्तकावरून लॅटिन सुरू केलं आणि षष्ठी म्हणजे काय, चतुर्थी कशाला लागते, याची लांबलचक इंग्रजी स्पष्टीकरणं पानंच्या पानं वाचत बसलो. जी गोष्ट आठवीच्या बाईंनी छडी न उगारता शिकवली होती, ती परक्या भाषेतून पुन्हा शिकत होतो. मग एके दिवशी 'वोक्स' चालवलेलं पान समोर आलं आणि कानात आपोआप 'वाक् वाचौ वाचः' सुरू झालं. त्या दिवसापासून लॅटिनचं ओझं निम्म्यावर आलं.

लागणारं सामान: एक वही, साधारण तासभर वेळ आणि मोठ्याने बोलता येईल अशी खोली. संस्कृत विसरला असाल तरी चालेल, लागेल तेवढं इथे देतो.

पहिली पायरी: कोशातली नोंद

लॅटिन कोशात हा शब्द असा दिसतो: वोक्स, वोकिस्, स्त्री. पहिलं रूप प्रथमेचं, दुसरं षष्ठीचं, तिसरी गोष्ट लिंग. या तिन्ही गोष्टी एकत्रच पाठ करायच्या. नुसतं 'वोक्स' पाठ केलं तर काहीच हाती लागत नाही.

का? मराठीतलं सामान्यरूप आठवा. 'माणूस'ला 'ला' लावताना आपण 'माणूसला' म्हणत नाही, 'माणसाला' म्हणतो. 'पाऊस' पण 'पावसात'. नुसता 'पाऊस' ऐकून परदेशी माणसाला 'पावसा' हे रूप सुचणार नाही, ते त्याला वेगळं सांगावं लागतं. लॅटिनचं तसंच आहे. प्रथमेचं रूप खरं अंग लपवतं आणि षष्ठी ते उघड करते. शेवटच्या 'क्स'मागे कधी क् असतो, कधी ग्, कधी आणखी काही:

वोक्स, वोकिस्: आवाज
पाक्स, पाकिस्: शांती
रेक्स, रेगिस्: राजा
लेक्स, लेगिस्: कायदा
नॊक्स, नॊक्तिस्: रात्र
निक्स, निविस्: बर्फ

षष्ठीच्या रूपातून 'इस्' काढा. उरलं ते अंग: वोक्, पाक्, रेग्, लेग्, नॊक्त्, निव्. बाकीचे सगळे प्रत्यय याच अंगाला लागतात. षष्ठीला 'इस्' आहे यावरून आणखी एक गोष्ट कळते: शब्द तिसऱ्या गणातला आहे. लॅटिनमध्ये नामांचे पाच गण, म्हणजे नाम चालवायचे पाच साचे, आहेत, त्यांपैकी तिसरा सर्वांत मोठा. संस्कृतातले व्यंजनान्त शब्द जिथे बसतात, साधारण तिथेच हा गण बसतो.

दुसरी पायरी: उच्चार

इथे घाई करू नका. इंग्रजी माध्यमातून आलेले लोक इथेच घसरतात, कारण त्यांच्या डोक्यात 'व्हॉक्स' पक्कं बसलेलं असतं.

रोमन लिपीत हा शब्द तीन अक्षरांचा आहे: व्ही, ओ, एक्स. अभिजात लॅटिनमध्ये, म्हणजे इसवी सनाच्या आगेमागे एक-दोन शतकं, त्यातल्या व्हीचा उच्चार 'व्ह' नव्हता. ओठ गोल करून, जवळजवळ 'उअ' म्हणत सुटणारा व होता. मराठी लेखनाने ही अडचण आधीच सोडवली आहे. इंग्रजी 'व्होट' आपण व्ह लावून लिहितो आणि 'वॉटर' नुसत्या वने. रोमन माणसाचा व 'वॉटर'मधला.

हे कशावरून ठरलं? एक तर ग्रीक लोक रोमन नावं लिहिताना या जागी 'ऊ' उच्चाराची अक्षरं घालत; 'वालेरियुस'चं ते 'ऊआलेरिओस' करत. दुसरा पुरावा मला फार आवडतो. इ.स.पू. ५५मध्ये क्रास्सुस हा रोमचा धनाढ्य सेनापती पार्थियावरच्या स्वारीसाठी ब्रुन्दिसियुम बंदरातून निघत होता. धक्क्यावर एक अंजीरविक्या ओरडत होता: "कउनेआस!" म्हणजे काउनोस गावची अंजिरं. इ.स.पू. ५३मध्ये कार्राएच्या लढाईत क्रास्सुस मारला गेला. मग लोक म्हणू लागले, तो विक्या खरं तर "कवे ने एआस", म्हणजे 'जपून, जाऊ नकोस', असं बजावत होता. ही गोष्ट किकेरो या रोमन वक्त्याने नोंदवून ठेवली आहे. 'कउ' आणि 'कवे' यांत गल्लत होण्यासाठी 'व' हा 'उ'च्या अगदी शेजारी बसलेला हवा. 'चवथा' आणि 'चौथा' दोन्ही म्हणणाऱ्या मराठी माणसाला यात काही नवल वाटू नये.

आता स्वर. वोक्समधला ओ दीर्घ आहे. मराठीत ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांना वेगळी अक्षरं नाहीत, लॅटिनमध्ये मात्र ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो. म्हणून या लेखात मी ऱ्हस्वासाठी देवनागरीतली उलटी मात्रा वापरतो, जी तमिळ-कानडी शब्द नागरीत लिहिताना वापरतात: कॆ, पॊ. 'कॆ' म्हणताना 'पेन'मधला आखूड ए आठवा. 'पॊ' हा 'पोट'मधल्या ओपेक्षा आखूड आणि किंचित 'पॉ'कडे झुकलेला. हा फरक किती महत्त्वाचा आहे पाहा: 'पॊपुलुस्' म्हणजे लोक, 'पोपुलुस्' म्हणजे पॉप्लरचं झाड. 'वोक्स पॊपुली' म्हणजे जनतेचा आवाज. पहिला पो लांबवलात तर पॉप्लरचा आवाज. रोमन लोक स्वतः ही लांबी बहुतेक वेळा लिहून दाखवत नसत. आजच्या पाठ्यपुस्तकांत दीर्घ स्वरावर आडवी रेघ असते, ती असलेलंच पुस्तक घ्या.

शेवटचा 'क्स' हा 'बॉक्स'मधला. त्याचा क्ष करू नका.

मग येतं सी हे अक्षर, कारण पुढच्या सगळ्या रूपांत तेच आहे. अभिजात लॅटिनमध्ये ते नेहमी क, पुढे कोणताही स्वर असो. म्हणूनच वर किकेरो लिहिलं, सिसेरो नाही. 'काएसार' हे नाव जर्मनीत 'कायझर' झालं आणि ग्रीक, अरबी, फारसी असा प्रवास करत आपल्याकडे 'कैसर-ए-हिंद' बनून आलं. सगळीकडे क टिकला.

पण नंतरच्या काळात ए आणि इ यांच्या आधी हा क मऊ पडला, आणि प्रत्येक देशात वेगवेगळा. इटलीत आणि चर्चच्या उच्चारात तो च झाला: 'व्होचे'. जर्मन परंपरेत तो 'त्स' झाला: 'व्होत्से'. इंग्रजांनी स केला: 'व्होसी'. इंग्रज-अमेरिकनांना यातले च आणि त्स वेगळे समजावून सांगावे लागतात. आपल्याकडे 'चार'चा तालव्य च आणि 'चमचा'चा दंत्य च हे दोन्ही घरचेच. 'वाचा बसली' म्हणताना तुमची जीभ इटलीत असते आणि 'पुस्तक वाचा' म्हणताना जर्मनीत.

नवशिक्याने एक उच्चार निवडावा आणि त्यालाच धरून राहावं. चर्चमधली गाणी गायची असतील तर व्होचे. जुनं साहित्य वाचायचं असेल तर वोकॆ. इथे पुढे सगळीकडे अभिजात उच्चार धरला आहे.

आघाताचा नियम छोटा आहे. दोन अवयवांच्या, म्हणजे उच्चारातल्या दोन तुकड्यांच्या, शब्दात जोर पहिल्यावर. तीन किंवा जास्त असतील तर शेवटून दुसरा अवयव पाहा. तो गुरू असेल तर जोर त्याच्यावर, लघू असेल तर त्याच्या आधीच्यावर. वोकिबुस्मध्ये 'कि' लघू आहे, म्हणून जोर 'वो'वर. वृत्तांचे लघू-गुरू शाळेत मोजले असतील तर हा नियम शिकायचीही गरज नाही.

तिसरी पायरी: शब्द आला कुठून

ही पायरी वगळली तरी शब्द चालवता येतो, पण मग तो लक्षात राहत नाही.

'बोलणे' या अर्थाचं एक फार जुनं मूळ होतं. संस्कृतात त्यापासून वच् धातू आला आणि वाच् हे नाम. लॅटिनमध्ये 'वॊकारॆ' म्हणजे बोलावणे हे क्रियापद आणि वोक्स हे नाम. दोन्हीकडचा एक बारीक धागा बघा: क्रियापदात स्वर ऱ्हस्व, नामात दीर्घ. वच्-वाच्, वॊक्-वोक्. रोम आणि सप्तसिंधू यांत हजारो मैलांचं अंतर, पण स्वर लांबवून नाम करायची ही खोड दोघांनी घरूनच आणली. संस्कृतातला आ आणि लॅटिनमधला ओ अशी जोडी पुन्हा पुन्हा भेटते. 'दानम्'ला लॅटिन 'दोनुम्' म्हणतं.

मग वोक्सला शेवटी स् आहे तो वाक्ला का नाही? पूर्वी दोघांनाही होता. प्रथमेच्या एकवचनाचा स् संस्कृतातही आहेच, तोच 'रामः'मध्ये विसर्ग होऊन बसला आहे. पण शब्दाच्या अखेरीस दोन व्यंजनं एकत्र आली तर संस्कृत सहसा दुसरं टाकून देतं. 'वाक्स्'चं 'वाक्' झालं. लॅटिनने स् ठेवला. पारशांच्या धर्मग्रंथाच्या, म्हणजे अवेस्तेच्या, भाषेतही तो 'वाख्श' या रूपात टिकला आहे.

आणि क-चचा गोंधळ? वाक्मध्ये क, वाचम्मध्ये च. हा च म्हणजे फार जुन्या काळी पुढे आलेल्या ए-इसारख्या स्वराने मऊ पाडलेला क. लॅटिनमध्ये अभिजात काळापर्यंत असं काही झालं नव्हतं, म्हणून वोक्स-वोकॆम् सगळीकडे क. पुढे इटलीने तोच खेळ नव्याने खेळला आणि 'वोकॆ'चं 'व्होचे' केलं. 'वाचे'च्या इतक्या जवळ येऊनही तो वारसा नव्हे, योगायोग आहे. शब्दांची नाती जोडताना हे भान ठेवलेलं बरं.

संस्कृत-लॅटिनचं हे नातं ओळखल्याचं श्रेय साधारणपणे विल्यम जोन्स या इंग्रज भाषापंडिताच्या १७८६च्या कलकत्त्यातल्या भाषणाला देतात. पण त्याच्या दोनशे वर्षं आधी, १५८३ साली, गोव्यातल्या एका इंग्रज जेझुइटाने, म्हणजे येशूसंघी ख्रिस्ती धर्मगुरूने, भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनशी जुळते असं नोंदवलं होतं. हा माणूस म्हणजे थॉमस स्टीफन्स, 'क्रिस्तपुराण' मराठीत रचणारा. म्हणजे लॅटिन शिकलेल्या माणसाला आपल्या भाषा ऐकून जे जाणवलं, तेच आपण उलट्या दिशेने करतो आहोत.

चौथी पायरी: चालवणे

आता वही उघडा. डावीकडे लॅटिन, कंसात संस्कृत. द्विवचन नाही. मराठीसारखंच लॅटिननेही ते टाकून दिलं आहे.

एकवचन
प्रथमा: वोक्स (वाक्)
द्वितीया: वोकॆम् (वाचम्)
चतुर्थी: वोकी (वाचे)
पंचमी: वोकॆ
षष्ठी: वोकिस् (वाचः)
संबोधन: वोक्स (वाक्)

अनेकवचन
प्रथमा: वोकेस् (वाचः)
द्वितीया: वोकेस् (वाचः)
चतुर्थी: वोकिबुस् (वाग्भ्यः)
पंचमी: वोकिबुस् (वाग्भ्यः)
षष्ठी: वोकुम् (वाचाम्)
संबोधन: वोकेस् (वाचः)

मोठ्याने तीनदा म्हणा. नंतर पुस्तक बंद करून म्हणा. मनातल्या मनात म्हणून उपयोग नाही. ही रूपं कानाने पाठ होतात, डोळ्याने नाही.

आता एकेक बघू. द्वितीयेचा म् दोन्हीकडे आहे. पण रोमन बोलण्यात शब्दाच्या शेवटचा म् पूर्ण उच्चारला जात नसे, त्याने आधीचा स्वर नाकात जाई, आपल्या अनुस्वारासारखा. स्किपिओ घराण्याच्या एका जुन्या थडग्यावरच्या लेखात तर कारागिराने हे शेवटचे म् बहुतेक ठिकाणी कोरलेलेच नाहीत. पुढे तो पार गळला. इटालियन 'व्होचे' हे या म् गळालेल्या द्वितीयेतूनच आलं. स्पॅनिश-पोर्तुगीज 'वोझ' हाही तोच शब्द, फ्रेंच 'व्वा'सुद्धा. इंग्रजी 'व्हॉइस' जुन्या फ्रेंचमधून आला.

चतुर्थीचा ई आणि संस्कृतातला ए हे एकाच जुन्या 'एइ'चे दोन तुकडे. वाचे, वोकी. सोपं आहे.

पंचमीसमोर मी कंस रिकामा ठेवला, कारण इथे खरी अडचण आहे. या विभक्तीने तीन जणींचं काम अंगावर घेतलंय: पंचमीचं 'हून', तृतीयेचं 'ने' आणि बऱ्याचदा सप्तमीचं 'त'. रूप पाहिलं तर वोकॆ हे 'वाचि' या सप्तमीच्या जवळचं आहे, कारण लॅटिनमध्ये शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व इ ऱ्हस्व ए होतो. संस्कृत 'अन्ति' म्हणजे जवळ, समोर. लॅटिनमध्ये तोच शब्द 'आन्तॆ'. काम पाहिलं तर मात्र वोकॆ बहुतेक वेळा तृतीया असतं. घरोघरी आरतीनंतर म्हणतात त्या श्लोकात 'कायेन वाचा मनसा' येतं, त्यातला 'वाचा' हा तृतीयेचा एकवचनी आहे: वाणीने. 'वीवा वोकॆ'मधल्या वोकॆचं काम तंतोतंत तेच. म्हणून सल्ला असा: वोकॆ समोर आलं की आधी 'ने' लावून बघा. अर्थ बसला नाही तर 'हून', नाहीतर 'त'.

'बुस्' या प्रत्ययापाशी थोडं थांबू या. हा 'भ्यः'चा चुलतभाऊ आहे. 'श्रीगुरुभ्यो नमः'मधला भ्यो तो हाच. आता 'ऒम्निस्' म्हणजे सर्व, त्याची चतुर्थी अनेकवचनी 'ऒम्निबुस्', सर्वांसाठी, सर्वेभ्यः. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये सर्वांसाठीच्या घोडागाडीला 'ऑम्निबुस' म्हणू लागले, इंग्रजांनी ते उचललं, मग पुढचा भाग आळसाने गळला आणि उरली 'बस'. म्हणजे स्वारगेटला आपण ज्याची वाट बघत उभे असतो तो एक सुटा विभक्तिप्रत्यय आहे. एकदा हे कळल्यावर चतुर्थी-पंचमीचं अनेकवचन कोणी विसरत नाही.

आणखी एक गंमत. संस्कृतात वाच् चालवताना ज्या जागी दोन रूपं सारखी येऊन परीक्षेत घोटाळा व्हायचा, त्यांतल्या बऱ्याच जागा लॅटिनमध्येही तशाच आहेत. प्रथमा आणि द्वितीया अनेकवचन सारखं, चतुर्थी आणि पंचमी अनेकवचन सारखं. मात्र संस्कृतात पंचमी आणि षष्ठीचं एकवचन एकच, 'वाचः'. लॅटिनमध्ये ती दोन वेगळी आहेत. इथे संस्कृताच्या सवयीने चुकाल. मी चुकायचो.

संबोधनाबद्दल एवढंच: लॅटिनमध्ये या विभक्तीचं नाव 'वॊकातीवुस्', बोलावण्याची. वॊकारॆपासूनच.

पुस्तकं चाळताना विभक्त्यांचा क्रम बदललेला दिसेल. अमेरिकन पुस्तकं सहसा प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया, पंचमी असा क्रम लावतात, ब्रिटिश पुस्तकं प्रथमेनंतर संबोधन आणि द्वितीया. तुम्ही आपला शाळेतला क्रम ठेवा. अगदी कुठल्या वर्गात बसलात तर मात्र शिक्षकांचा क्रम धरा, उगाच वाद नको.

पाचवी पायरी: विशेषण जोडा

वोक्स स्त्रीलिंगी आहे. वाक् स्त्रीलिंगी आहे. पण आपण मनात भाषांतर करतो ते 'आवाज', आणि आवाज पुल्लिंगी. नवशिक्या मराठी माणसाची इथे हमखास चूक होते: 'मोठा आवाज' डोक्यात असल्यामुळे तो विशेषणही पुल्लिंगी लावतो. उपाय सोपा. भाषांतर करताना 'वाणी' किंवा 'वाचा' म्हणा. मोठी वाणी, वोक्स माग्ना. द्वितीया वोकॆम् माग्नाम्. षष्ठी वोकिस् माग्नाए. पंचमी माग्ना वोकॆ, यातला शेवटचा आ दीर्घ. विशेषणाचे प्रत्यय वेगळ्या गणाचे आहेत, म्हणून ते नामासारखे कानाला यमक जुळवून येत नाहीत. लिंग, वचन, विभक्ती जुळली की पुरे.

'माग्ना वोकॆ क्लामत्' म्हणजे मोठ्याने ओरडतो. मराठीतही इथे 'मोठ्याने' अशी तृतीयाच येते हे लक्षात आलं का?

आणि 'आवाज' हा शब्द तरी परका कुठला? तो फारसीतून आला हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण फारसीतला 'आवाज' जुन्या इराणी वाच्पासूनच निघालेला, म्हणजे वाक् आणि वोक्सचा सख्खा नातेवाईक. तेव्हा मराठीत हे एकच घराणं तीन दारांनी शिरलं आहे. संस्कृतातून वाचा, वाक्य, वाक्प्रचार, वाङ्मय. फारसीतून आवाज. आणि इंग्रजीमार्गे लॅटिनमधून व्हायव्हा व्होसी, ॲडव्होकेट, कॉन्व्होकेशन. ॲडव्होकेट म्हणजे 'आद्वॊकातुस्', मदतीला जवळ बोलावलेला. कॉन्व्होकेशन म्हणजे सगळ्यांना एकत्र बोलावणं. 'व्हायव्हा'चं तर दोन्ही बाजूंनी नातं आहे, कारण 'वीवुस्' हा लॅटिन शब्द आपल्या 'जीव'चा भाऊ.

सहावी पायरी: खऱ्या वाक्यांत ओळखा

प्रत्येक वाक्यात आधी वोक्सची विभक्ती ओळखा, मग अर्थ लावा. उत्तर झाकून ठेवा.

'वोकॆम् औदिओ.' द्वितीया. आवाज ऐकतो. कर्ता क्रियापदातच आहे, मराठीसारखा.

'वोकी क्रेदो.' चतुर्थी. त्या आवाजावर विश्वास ठेवतो. मराठीत आपण 'वर' म्हणतो म्हणून चतुर्थी चमत्कारिक वाटते. पण 'क्रेदो' म्हणजे शब्दशः श्रद् + धा, आपली श्रद्धाच. वेदातही श्रद्धा ज्याच्यावर ठेवायची त्याची चतुर्थी येते.

'वोक्स पॊपुली, वोक्स दॆई.' दोन्हीकडे प्रथमा, 'पॊपुली' आणि 'दॆई' या दुसऱ्या गणातल्या षष्ठ्या. जनतेचा आवाज, देवाचा आवाज. 'आहे' गृहीत. हे वचन निवडणुकीच्या दिवसांत छाती फुगवून वापरलं जातं. पण इ.स. ८००च्या सुमारास आल्कुइन या विद्वानाने शार्लमेन राजाला लिहिलेल्या पत्रात ते येतं तेव्हा तो उलटच सांगतो: असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, कारण गर्दीचा गोंगाट वेडाच्या अगदी जवळचा असतो.

'वोक्स क्लामान्तिस् इन देसॆर्तो.' बायबलच्या लॅटिन भाषांतरातलं. क्लामान्तिस् ही षष्ठी: ओरडणाऱ्याचा. त्यातला 'न्त्' म्हणजे 'भवन्तम्', 'गच्छन्तम्'मधला शतृप्रत्ययाचा, म्हणजे 'करत असलेला' अशा अर्थाच्या प्रत्ययाचा, न्त्. अरण्यात ओरडणाऱ्याचा आवाज. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजचं हे बोधवाक्य आहे.

'वोक्स फौकिबुस् हाएसित्.' व्हर्जिलच्या महाकाव्यातला तुकडा. भीतीने केस उभे राहिले आणि आवाज घशात अडकला. 'फौकिबुस्'मध्ये बुस् आहे, म्हणजे चतुर्थी किंवा पंचमी. 'ने' लावून बघा, बसत नाही. 'हून', नाही. 'त', बसलं: घशात. मराठीत वाचा बसते, रोमन माणसाची अडकायची.

'नॆस्कित् वोक्स मिस्सा रॆवॆर्ती.' रोमन कवी होरेसची ओळ. सोडलेला शब्द परतायला जाणत नाही. इथे वोक्सचा अर्थ आवाज नाही, तोंडातून गेलेला शब्द. मिस्सा हे विशेषण स्त्रीलिंगी आहे, तेवढ्यावरून ते वोक्सला चिकटलंय हे ओळखता येतं.

एक छोटी गोष्ट कोश वापरणाऱ्यांसाठी. विद्वानांच्या तळटीपांत रोमन एस आणि व्ही अशी दोन अक्षरं दिसतात. ती 'सुब् वोकॆ'ची: 'त्या शब्दाखाली' पाहा. पुन्हा पंचमी, पण या वेळी 'सुब्' या अव्ययाने मागितलेली.

पुढे काय

उद्या 'लेक्स, लेगिस्' आणि 'रेक्स, रेगिस्' घ्या. अंग बदला, प्रत्यय तेच. रेक्स पुल्लिंगी आहे, त्याच्याशेजारी सम्राज् हा शब्द मांडून बघा: सम्राट्, सम्राजम्, सम्राजे. रेक्स, रेगॆम्, रेगी. परवा पाक्स.

नॊक्सला एवढ्यात हात लावू नका. तोही स्त्रीलिंगी, तिसऱ्या गणातला, वरवर अगदी वोक्ससारखा दिसणारा. पण त्याची षष्ठी अनेकवचनी 'नॊक्तुम्' होत नाही, 'नॊक्तिउम्' होते. ज्यांच्या अंगाच्या शेवटी जोडाक्षर असतं अशा बऱ्याच शब्दांना तो जास्तीचा इ लागतो. आठवडाभर वोक्स म्हणून झाल्यावर हा इ कानाला आपोआप खटकेल. तो खटकला की नॊक्स घ्या.